सहाच्या आत पिझ्झा

चाकणच्या चौकात आमची जीप पंचवीस मिनिटं एकाच खड्ड्यात उभी होती. पुढे उसाची ट्रॉली, मागे एसटी, आणि मधल्या सीटवर माझे वडील मनगट वर करून घड्याळ बघत बसलेले. सकाळचे सव्वादहा झाले होते. सूर्यास्ताला सात तास बेचाळीस मिनिटं होती.

माझे वडील, म्हणजे बापूजी, म्हणजे मंचरचे घेवरचंद शेठ, सूर्य बुडाला की अन्नही घेत नाहीत आणि पाणीही. आमच्या जैन स्थानकात सूर्यास्ताच्या वेळांचा छापील कागद मिळतो, त्याची घडी त्यांच्या खिशात असते. डिसेंबर २००३, त्या दिवसासमोर लिहिलं होतं, ५.५७. त्यांनी त्याखाली पेनाने रेघ मारली होती.

त्या ५.५७ वर रीनाभाभीचं दुकान लटकलेलं होतं. रीनाभाभी माझी वहिनी. एसटी स्टँडसमोर, हायवेला लागून आमचा एक गाळा दिवाळीपासून रिकामा होता आणि तिला तिथे पिझ्झ्याचं दुकान टाकायचं होतं. निरगुडसरच्या हौशीरामला तिथे खताचं दुकान टाकायचं होतं. हौशीराम उद्या सकाळी किल्ली घ्यायला येणार होता. भाभीने तीन आठवडे पाठपुरावा केला तेव्हा बापूजींनी ताटावरून मान वर न करता निकाल दिला होता.

"जे मी तोंडात घालू शकत नाही ते माझ्या गाळ्यात विकलं जाणार नाही. तुम्ही पुण्यात जाऊन मार्क देता ना? मग चांगल्यात चांगले मला दाखवा. एका ठिकाणी मी एक तुकडा खाल्ला, तर गाळा तुझा. सूर्य बुडेपर्यंत नाही खाल्ला, तर हौशीरामचा."

बापूजींची मार्केट यार्डात कांद्याची आडत आहे. आमच्या घरात चाळीस वर्षं कांदा विकला जातो आणि चाळीस वर्षांत एकदाही शिजलेला नाही. याबद्दल घरात कोणी बोलत नाही. गमतीनेही नाही. मी एकदा केली होती गंमत, आठवीत असताना. तेव्हापासून मी इतर विषयांवर गमती करतो.

मार्क देणारे म्हणजे आमचं खवय्ये मंडळ. सभासद चार. अध्यक्ष भाभी. दुसरी वैजयंती, अवसरी बुद्रुकच्या शाळेत भूगोल शिकवते. तिसरा मी. चौथा बहिरू, ज्याची जीप आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कुठेतरी जाऊन खायचो आणि भाभी वहीत दहापैकी मार्क लिहायची. मिसळी संपल्या, भेळी संपल्या, गेले आठ महिने पुण्यातले पिझ्झे चालू होते. भाभी साडेचार, सव्वासहा असे मार्क द्यायची. बहिरू सगळ्यालाच नऊ द्यायचा. एका हॉटेलात हात धुवायला आणलेल्या वाटीतल्या लिंबालाही त्याने नऊ दिले होते.

हितेशदादा, म्हणजे भाभीचा नवरा, आला नव्हता. त्याला यार्डात काम निघालं. वडील आणि बायको समोरासमोर आले की त्याला यार्डात काम निघतंच.

"बापूजी, दोन खाकरे तरी खा," भाभी म्हणाली. बाईने, म्हणजे माझ्या आईने, डबा दिला होता.

"नको. पोट भरलेल्या माणसाने माल तपासू नये."

"पाणी?"

"पाणी घेतो."

भाभीने बाटली दिली. टोपण काढायचं ती विसरली होती. बहिरूने आरशातून ते बघितलं आणि उगाचच हॉर्न वाजवला. उसाची ट्रॉली जागची हलली नाही.

पहिलं दुकान कॅम्पात होतं. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मेनूकार्डावर चक्क 'जैन पिझ्झा' छापलेलं होतं. भाभीने तेवढ्यासाठीच हे दुकान पहिलं धरलं होतं. पिझ्झा अजून आठ फुटांवर होता, वेटरच्या हातात, तेवढ्यात बापूजींनी नाक वर केलं.

"उन्हाळी कांदा," ते म्हणाले. "कांदाचाळीत ठेवलेला. कोंब आलाय."

"साहेब, जैन आहे तो," वेटर म्हणाला. "वरती कांदा टाकलेलाच नाहीये."

"वरती नाही. खाली आहे."

वेटर आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर आचारी होता, हातात पातेलं आणि चेहऱ्यावर भुताटकी बघितल्यासारखा भाव. सॉस सगळ्यांना एकच असतो, असं त्याने कबूल केलं. कांदे कोंब आलेले होते हेही कबूल केलं. बापूजींनी त्याला ताजा हळवा, म्हणजे नव्या हंगामाचा कांदा, कुठून घ्यावा ते सांगितलं, नमस्कार केला आणि ते जीपमध्ये जाऊन बसले. तो पिझ्झा आम्ही तिघांनी खाल्ला, कारण टाकणार कसा? भाभीने हात लावला नाही. बहिरूने नऊ दिले.

दुसरं दुकान डेक्कनला. तिथे सॉस वेगळा करून मिळत होता. भाभी स्वतः आत जाऊन उभी राहिली, पातेलं घासून घेतलं, चमचा बदलायला लावला. पिझ्झा आला. बापूजींनी वास घेतला, मान हलवली. होकाराची. मग त्यांनी पिझ्झा कापायचं ते चाकासारखं यंत्र उचललं, नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं.

"लसूण."

"धुतलंय हो काका," मालक म्हणाला.

"कधी?"

मालकाने विचार केला. विचार करायला लागला तिथेच संपलं. अडीच वाजले होते.

जीपमध्ये भाभी वैजयंतीला हळूच म्हणाली, "कोरेगाव पार्कवाला करेल, वैजू. तोच करेल." त्याला तिने वहीत पावणेनऊ दिलेले होते. आठ महिन्यांत एवढे कोणाला दिले नव्हते. बापूजी ऐकत होते की नाही कळत नव्हतं. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, तोंड सुकलं होतं, आणि आम्ही तिघं मात्र दोन्ही दुकानांतले पिझ्झे खाऊन त्यांच्या मागेपुढे ढेकर दाबत बसलो होतो. वयस्क माणसाला उपाशी फिरवून त्याच्या पाठीमागे ढेकर देणं, हे मंडळाच्या उद्दिष्टांत बसत नव्हतं.

कोरेगाव पार्कच्या मालकाने विटांची भट्टी बांधलेली होती आणि मागे केसांची शेंडी. भाभीने फोनवरून त्याला सगळं आधीच सांगितलेलं होतं. कांदा नाही, लसूण नाही, त्याने चाकू नवीन आणला होता, वेष्टनासकट. बापूजींसमोर त्याने वेष्टन फाडलं. असा माणूस मी आयुष्यात बघितला नाही. टोमॅटोचा सॉस समोर केला. पिझ्झा भट्टीत दीड मिनिटात फुगला, कडा काळसर झाल्या, आणि तो टेबलावर आला तेव्हा शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

बापूजींनी वास घेतला. चाकू बघितला. पुन्हा वास घेतला. मग तुकडा उचलला.

साडेतीन वाजले होते. भाभीने टेबलाखाली वैजयंतीचा हात धरला. तो हात पुढे दोन दिवस दुखत होता. तुकडा बापूजींच्या तोंडापासून चार बोटांवर आला आणि शेंडीवाल्याला राहवलं नाही.

"काका, आमची खासियत सांगतो," तो प्रेमाने म्हणाला. "हे पीठ दोन दिवस मुरवलेलं आहे."

बापूजींचा हात थांबला.

"दोन दिवस?"

"अठ्ठेचाळीस तास. काही लोक बेचाळीसलाच काढतात. आम्ही नाही."

बापूजींनी तुकडा ताटात ठेवला, जिथून उचलला होता बरोबर तिथे. "वासी," ते म्हणाले. रात्र उलटलेलं ओलं पीठ आमच्यात चालत नाही. आदल्या दिवशीची पोळी चालत नाही, तर परवाचं पीठ कुठून चालणार? आम्हा चौघांपैकी दोघांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल. मला आणि भाभीला जन्मापासून ठाऊक होतं. पण पिझ्झ्याला पीठ असतं आणि त्या पिठाला वय असतं, हे आठ महिने मार्क देताना आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेंडीवाला अजून हसत होता. त्याला वाटलं बापूजींना आकडा कमी वाटला. "बहात्तर तासांचंही आहे आत," तो म्हणाला.

बाहेर फुटपाथवर भाभी उभी राहिली. वही उघडून पानं उलटत गेली. मला माहीत होतं ती काय बघतेय. जितके मार्क जास्त, तितकं पीठ जुनं. म्हणजे जितकं दुकान चांगलं, तितका गाळा हौशीरामचा.

"घरी चला," बापूजी म्हणाले. रागाने नाही. त्यांना चक्कर येत असावी, त्यांनी जीपचं दार धरलं होतं.

"दोन तास आहेत अजून," भाभी म्हणाली. मग आमच्याकडे वळली. "मला एक भट्टी द्या कुणीतरी. पीठ मी मळते."

वैजयंतीने माझ्याकडे बघितलं, मी बहिरूकडे. शेवटी बहिरूने घसा साफ केला. "भोसरीत माझी आत्या हाय. सरूबाई. आधी वडापावचा गाडा व्हता, आता दुकान झालंय. तिच्याकडं हाय भट्टी, इजंवरची. पिझा बी करती ती."

"तू आठ महिने बोलला नाहीस?" वैजयंती म्हणाली.

"तुमी चांगल्या दुकानांचं इचारलं व्हतं, मॅडम."

भोसरीला पोचायला पाऊण तास लागला असता. लागला सव्वा तास. वाटेत भाभीने एका डेअरीवर उडी मारून दही आणि त्याच दिवशीचं पनीर घेतलं, कारण बापूजींनी चीजबद्दल एकच प्रश्न विचारला होता, "किती दिवसांचं?", आणि वैजयंतीने चीजच्या पाकिटावरची तारीख वाचून ते परत ठेवलं होतं. यीस्ट गेलं, चीज गेलं, कांदा-लसूण केव्हाच गेलेले. पिझ्झ्यातला आता फक्त गोल आकार उरला होता.

सरूबाईच्या दुकानावर पाटी होती, त्यावर पिझ्झा, मंच्युरियन, ज्यूस आणि झेरॉक्स असं लिहिलेलं होतं. सरूबाई साठीची, डोक्यावर पदर, कमरेला ॲप्रन. बहिरूने तिला तीन वाक्यांत सगळं सांगितलं.

"म्हंजे शेठ खानार, पर माझं काईच खानार न्हाईत?"

"न्हाई आत्या."

"आन् माझी परात, ताट, चमचा समदं घासायचं?"

"व्हय."

"घासा मंग," सरूबाई म्हणाली. "माझी सासू बी अशीच व्हती."

पाच वाजून आठ मिनिटं. भाभीने परात घासली, ओटा घासला. नवीन पुडा फोडून मैदा घेतला, त्यात दही, सोडा, मीठ. मी टोमॅटो चिरले. पाच बावीसला पीठ मळून झालं. मऊ व्हायला निदान अर्धा तास ठेवायला हवं होतं. तिने नऊ मिनिटं ठेवलं. ती नऊ मिनिटं ती त्या पिठाकडे बघत होती आणि बापूजी दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होते. दारातून सूर्य दिसत होता, समोरच्या कारखान्याच्या पत्र्याच्या बरोबर वर.

"कागदावरची वेळ मंचरची आहे," वैजयंती अचानक म्हणाली. "भोसरी पश्चिमेला येते. इथे सूर्य वीस सेकंद उशिरा मावळतो."

सगळ्यांनी बापूजींकडे बघितलं.

"कागद कागद आहे," बापूजी म्हणाले.

पाच पस्तीसला पिझ्झा भट्टीत गेला. भट्टी तापली नव्हती. सरूबाईने तिच्यावर एक थाप मारली, लाल दिवा लागला. पाच पंचेचाळीसला पीठ अजून पांढरं होतं. पाच अठ्ठेचाळीस, पांढरं. पाच पन्नासला कडेने रंग धरला आणि भाभीने काचेवर कपाळ टेकवलं. काच तापलेली असणार. तिला कळलंच नाही.

पाच बावन्नला तो बाहेर आला. ताटात ठेवला, बापूजींच्या पुढे. बाजूला पाण्याचा तांब्या, कारण सत्तावन्ननंतर पाणीही नाही. भाभीने आठ तुकडे केले. कापताना आवाज झाला. पिझ्झा कापताना आवाज होऊ नये एवढं मंडळाला एव्हाना कळत होतं.

बापूजींनी वास घेतला. काही सापडलं नाही. पीठ त्यांच्या डोळ्यांदेखत मळलेलं होतं. पनीर आजचं, टोमॅटो आजचे. पहिल्यांदाच कुठली हरकत उरली नव्हती. त्यांनी तुकडा उचलला. सकाळपासूनचा उपाशी माणूस, हात सरळ तोंडाकडे निघाला.

भाभीने तेवढ्यात कडेचा एक कपचा तोंडात टाकला होता. सवयीने. ती कुठल्याही ताटाला आधी मार्क देते. तिचं चावणं मधेच थांबलं.

"बापूजी," ती म्हणाली, "नका खाऊ."

पाच चोपन्न.

"भाभी!" मी म्हणालो. बहिरू म्हणाला, "वैनी, खाऊ द्या की राव."

भाभीने सासऱ्याच्या हातातून तुकडा काढून घेतला. आमच्या घरात सून सासऱ्याच्या हातातून काही काढून घेत नाही. तिने तो ताटात ठेवला आणि ताट स्वतःकडे ओढलं.

"हा वाईट आहे. याला मी दोन देईन. तुम्ही हा खाल्लात तर गाळा मिळेल, पण मग रोज हाच विकावा लागेल. मला हा नाही विकायचा."

"मला चालतोय," बापूजी म्हणाले.

"तुम्ही अजून चाखलाही नाही!"

"शेठ चावून मोकळे व्हा," बहिरू म्हणाला, "मंग भांडा."

"तू गप रे," सरूबाई म्हणाली.

पाच पंचावन्न. बापूजी ताटाकडे बघत होते. भुकेल्या माणसाचं बघणं लपत नाही. "बेटा," ते म्हणाले, "मी शब्द दिलाय. एक तुकडा दे, गाळा तुझा. उद्या काय विकायचं ते उद्या बघ."

"नाही. शब्द काय दिलात? जे तुम्ही खाऊ शकत नाही ते तिथे विकायचं नाही. मग उद्या कसं बघू?" मला कळलं ती आता ते बोलणार. मी खुर्चीचा हात धरला. "तुम्ही चाळीस वर्षं कांदा विकताय, बापूजी. कधी एकदा तरी चाखलाय?"

झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. आठवीत मी हेच हसत बोललो होतो आणि तीन दिवस घरात कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. ती हसत नव्हती.

"नाही," बापूजी म्हणाले.

"तरी तुमच्या मालाला कुणी नाव ठेवलं?"

"नाही."

"का नाही?"

"वाईट माल मी विकत नाही," बापूजी म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं. पाच छप्पन्न. तांब्या उचलला, वरून धार धरली आणि पाणी प्यायले, सगळा तांब्या, न थांबता. तोंड पुसलं, हात जोडले, डोळे मिटून पुटपुटले. डोळे उघडले तेव्हा सत्तावन्न झाले होते. सूर्य मात्र पत्र्यावर अजून चिकटलेला होता, वैजयंतीच्या वीस सेकंदांपुरता. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

पिझ्झा सरूबाईने खाल्ला. "बिस्कीट म्हनून बरा हाय," ती म्हणाली.

मंचरपर्यंत दीड तास लागला. खेडच्या पुलाजवळ बहिरूने रेडिओ लावला आणि स्वतःच बंद केला. भाभी खिडकीला डोकं लावून बसली होती. वही ती सरूबाईकडेच विसरली होती, की तिने ठेवली होती, ते मी विचारलं नाही. घरी आल्यावर हितेशदादाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी खांदे उडवले. दोन भावांमध्ये एवढंच संभाषण झालं आणि ते पुरेसं होतं.

सकाळी साडेसातला हौशीराम ओट्यावर हजर. पांढरा शर्ट, खिशात पेन, हातात पेढ्यांचा पुडा. बापूजी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात काही घेत नाहीत आणि त्याआधी धंद्याचं बोलतही नाहीत. म्हणून सगळे थांबले. किल्ली भिंतीतल्या देवळीत होती. भाभी स्वयंपाकघरात खाकरे भाजत होती. एक करपला. तिचा करपलेला खाकरा मी पहिल्यांदा बघितला.

पावणेआठला बापूजींनी पाणी घेतलं. चार खाकरे खाल्ले. पाचवा मागितला. मग उठून देवळीतून किल्ली घेतली आणि ओट्यावर आले. मी दारात होतो. स्वयंपाकघरातला तवा वाजायचा थांबला.

"हौशीराम, गाळा गेला," बापूजी म्हणाले आणि किल्ली मागे, माझ्या हातात दिली. "आत दे."

हौशीरामचा चेहरा पडला. "कोनाला गेला, शेठ?"

"सुनेला."

"ती काय टाकनार?"

"पिझ्झा."

"मंग तुमी खाल्ला म्हना की काल."

"नाही."

"न्हाई?" हौशीराम गोंधळला. अट सगळ्या यार्डाला ठाऊक होती. "का बरं?"

"तिने खाऊ दिला नाही."

हौशीरामने बापूजींकडे बघितलं. मग त्याने आपल्या पेढ्यांच्या पुड्याकडे बघितलं, जो कोणी मागितला नव्हता आणि त्याने आल्या आल्या स्वतःहून पुढे केला होता.

"मंग लई चांगला असंल," तो म्हणाला. "कधी चालू व्हतंय दुकान?"